वाहिनीवरचा पाठ शाळेच्या कपाटात : टीव्ही रेकॉर्डिंगसाठी संगणकाची निवड

मराठी मुलांसाठी शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रम तयार करणारी ‘बालचित्रवाणी’ ही संस्था १९८४ साली पुण्यात सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद झाली. या काळात शाळा शिकलेल्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिल्याचे स्मरत असेल. ते कार्यक्रम परिश्रमपूर्वक तयार होत. परंतु त्यांची वेळ दूरदर्शन ठरवी आणि वीज मात्र आपल्या गावची असे. प्रक्षेपणाच्या नेमक्या त्या अर्ध्या तासात वीज गेली, शाळेचा तास दुसऱ्या विषयाचा असला, किंवा टीव्हीच्या खोलीची किल्ली वेळेवर सापडली नाही, की तो पाठ गेला तो गेलाच. गणिताचे पुस्तक हरवले तर दुसरे आणता येते. हुकलेले प्रक्षेपण परत आणता येत नसे.

टाळेबंदीच्या वर्षात, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, तेव्हाही हीच अडचण नव्या रूपात समोर आली. त्याच वर्षी केंद्र शासनाने ‘पीएम ई-विद्या’ या योजनेत प्रत्येक इयत्तेस एक याप्रमाणे १२ वाहिन्या जाहीर केल्या आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ही संख्या २०० पर्यंत नेण्याची घोषणा झाली. उच्च शिक्षणासाठीच्या ‘स्वयंप्रभा’ वाहिन्या २०१७ पासून चालू आहेतच. म्हणजे आकाशातून पाठांचा पाऊस पडतो आहे. प्रश्न तो साठवण्याचा आहे. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना, पाऊस पडणे वेगळे आणि पाणी हाती राहणे वेगळे, हे सांगावे लागत नाही.

निवासी शाळेत ही साठवण विशेष मोलाची ठरते. वसतिगृहातील मुलांकडे स्वतःचा मोबाईल नसतो. त्यांचा दिवस घंटेने बांधलेला असतो आणि मोकळा वेळ मिळतो तो सायंकाळच्या अभ्यासिकेत. ‘इंटरनेट असताना हा खटाटोप कशासाठी?’ असा प्रश्न कोणी विचारील. एका जोडणीवर शंभर मुलांनी एकाच वेळी चित्रफीत पाहणे शक्य नसते. डेटासाठी दरमहा पैसे मोजावे लागतात. आणि पाठाच्या शेजारीच मन वेधून घेणाऱ्या शंभर निरुपयोगी गोष्टी हारीने उभ्या असतात. छतावरील छत्रीला मासिक शुल्क नाही. एकदा साठवलेला पाठ शिक्षकास हवा तेथे थांबवता येतो, मागे नेता येतो आणि जे मूल आज आजारी आहे त्याला उद्या दाखवता येतो.

यासाठी लागणारा रेकॉर्डिंग संगणक घरच्या घरी किंवा शाळेतच कसा जुळवावा, त्याचे भाग आणि सॉफ्टवेअर कशाच्या आधारे निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आमचे मुख्य सांगणे एवढेच आहे, की या कामासाठी बलाढ्य संगणक लागत नाही. पैसा योग्य ठिकाणी घातला तर जुना संगणकही हे काम चोख करतो; आणि चुकीच्या ठिकाणी घातला तर नवा संगणकही शोभेची वस्तू होऊन बसतो.

प्रथम सिग्नलचा विचार

बहुतेक जण आधी संगणक विकत घेतात आणि मग त्यात काय रेकॉर्ड करता येईल हे पाहतात. क्रम उलटा हवा. आपल्या गावात टीव्ही तीन मार्गांनी येतो: केबल, खाजगी डीटीएच आणि दूरदर्शनची डीडी फ्री डिश. पहिल्या दोहोंतील सिग्नल कूटबद्ध असतो. तो उलगडण्याची किल्ली त्या कंपनीच्या सेट टॉप बॉक्समध्ये असते, म्हणून संगणकाला तो थेट वाचता येत नाही. बॉक्सच्या मागील पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांतून चित्र-आवाज घेऊन रेकॉर्ड करण्याची लहान यूएसबी उपकरणे मिळतात. परंतु त्यात चित्राचा दर्जा घसरतो, संगणकावर भार पडतो आणि वाहिनी बदलण्यासाठी माणसाला रिमोट घेऊन बसावे लागते.

फ्री डिशची गोष्ट वेगळी आहे. २००४ च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली ही सेवा आज जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. शैक्षणिक वाहिन्याही याच उपग्रहावरून मिळतात. त्या खुल्या असल्यामुळे संगणकातील साधे ट्यूनर कार्ड त्या थेट ग्रहण करू शकते. दर्यापूरहून पाहिल्यास हा उपग्रह आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. त्या दिशेला निंबाचे झाड किंवा पाण्याची टाकी आडवी नसेल अशी छतावरील जागा शोधणे हे या कामाचे पहिले पाऊल होय. आज निंब ठेंगणा असला तरी पाच वर्षांनी तो केवढा होईल, हेही पाहावे. मृगाच्या मुसळधार सरीत सिग्नल काही वेळ क्षीण होतो. छत्री थोडी मोठी आणि अचूक बसवलेली असली तर ही खोट कमी होते.

जुन्या काळी अँटेनावर चालणारी टीव्ही कार्डे अजून कोणाच्या कपाटात असतील. ती ॲनालॉग प्रक्षेपणासाठी होती आणि दूरदर्शनने आपले बहुतांश ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. अशी कार्डे फुकट मिळाली तरी उपयोगाची नाहीत.

ट्यूनर : खर्चाचे पहिले योग्य ठिकाण

उपग्रहासाठीच्या ट्यूनर कार्डावर ‘डीव्हीबी-एस२’ असे लिहिलेले असावे. केवळ ‘डीव्हीबी-एस’ असलेले जुने कार्ड काही वाहिन्या पकडणार नाही. कार्ड संगणकाच्या आत पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणारे असते किंवा बाहेरून यूएसबीने जोडायचे असते. दिवसरात्र एका जागी राहणाऱ्या संगणकासाठी आतले कार्ड बरे, कारण बाहेरची वायर कोणाच्या तरी झाडूला अडकतेच.

‘चार वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड करायच्या तर चार ट्यूनर लागतील’ असा एक समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. उपग्रहावरील एका ट्रान्सपॉन्डरवरून पंधरा-वीस वाहिन्या एकत्र गुंफून येतात. त्या संपूर्ण प्रवाहाचा वेग सेकंदाला ३८ ते ४० मेगाबिटच्या घरात असतो. ट्यूनर हा सगळा प्रवाह पकडतो आणि त्यातून हवी ती वाहिनी निवडणे हे सॉफ्टवेअरचे काम असते. म्हणून आपल्या उपयोगाच्या वाहिन्या एकाच ट्रान्सपॉन्डरवर असतील तर एका ट्यूनरवर त्या सर्व एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. खरेदीपूर्वी वाहिन्यांची यादी करावी, प्रत्येकीचा ट्रान्सपॉन्डर कोणता ते साध्या सेट टॉप बॉक्सच्या माहिती-पडद्यावरून उतरवून घ्यावे आणि मग ट्यूनरची संख्या ठरवावी. सामान्यतः दोन ट्यूनर असलेले एक कार्ड शाळेस पुरून उरते.

दोन ट्यूनर घेतल्यास छत्रीवरील एलएनबीदेखील दोन तोंडांचा हवा. एलएनबीला मिळणाऱ्या विजेच्या दाबावरून, म्हणजे १३ किंवा १८ व्होल्टवरून, तो उभ्या की आडव्या ध्रुवणाचा सिग्नल पाठवायचा हे ठरवतो. एकच तार दोघांना वाटून दिली तर एक ट्यूनर एक मागतो, दुसरा दुसरे मागतो आणि दोघांचेही काम अडते. दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबल हा थोडका वाढीव खर्च टाळू नये.

संगणक : जुना चालेल, का ते समजून घ्या

टीव्हीचा सिग्नल उपग्रहावर चढण्यापूर्वीच आक्रसून लहान केलेला असतो. रेकॉर्ड करणारा संगणक चित्र तयार करीत नाही, बदलतही नाही. आलेला आकड्यांचा प्रवाह तो जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो. हे काम गोदामातील कारकुनाचे आहे, चित्रकाराचे नव्हे. म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वीचा दोन गाभ्यांचा प्रोसेसर आणि ४ गिगाबाइट रॅम या कामास पुरेशी आहे. ताकद लागते ती रेकॉर्डिंगचे स्वरूप बदलून लहान करताना किंवा उच्च दर्जाचे चित्र पडद्यावर दाखवताना. स्वरूप बदलण्याचे काम रात्री सावकाश करता येते. दाखवण्यासाठी वर्गात वेगळा संगणक किंवा टीव्हीला जोडायचे लहान उपकरण ठेवता येते.

जुना संगणक घेताना मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. पीसीआय एक्सप्रेस खाच मोकळी आहे का? वीजपुरवठ्याचा डबा आणि पंखे धड आहेत का? आणि मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल नवा आहे का? हा ‘सीआर २०३२’ सेल अगदी थोडक्या पैशांत मिळतो. तो संपला की वीज जाताच संगणकाचे घड्याळ चुकते आणि सकाळी नऊचा पाठ रेकॉर्ड होण्याऐवजी भलत्याच वेळचा कार्यक्रम डिस्कवर येतो.

डिस्क : खर्चाचे दुसरे योग्य ठिकाण

आता साठवणीचा हिशेब करू. साध्या दर्जाच्या वाहिनीचा वेग सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर एका तासाचे १०,८०० मेगाबिट, म्हणजे १,३५० मेगाबाइट, अर्थात सुमारे १.३५ गिगाबाइट होतात. रोज चार तास रेकॉर्डिंग केले तर दिवसाला ५.४ गिगाबाइट आणि शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला सुमारे १,०८० गिगाबाइट, म्हणजे जवळपास १ टेराबाइट. यावरून २ टेराबाइटची डिस्क जवळपास दोन वर्षांचे, पण त्याहून किंचित कमी, रेकॉर्डिंग सामावून घेईल. आणि शिक्षकांनी निवड करून नको ते काढून टाकले तर ती चार-पाच वर्षेही पुरेल. सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या, सतत लेखन सोसणाऱ्या डिस्का बाजारात मिळतात. त्या या कामास योग्य आहेत. संगणकाची मूळ प्रणाली मात्र वेगळ्या लहान एसएसडीवर ठेवावी, म्हणजे एक बिघडले तरी दुसरे वाचते.

जे पाठ कायम ठेवायचे त्यांची दुसरी प्रत बाहेरील डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या खोलीत, शक्यतो मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. ज्या साठ्याची एकच प्रत आहे तो साठा जपलेला नसून केवळ तात्पुरता टिकलेला आहे, असे समजावे. वर्गात पेन ड्राइव्हवरून पाठ न्यायचा असल्यास एक बारकावा लक्षात ठेवावा: अनेक पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने आखलेले असतात आणि त्यात ४ गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही. प्रत्येक पाठाची स्वतंत्र फाइल केल्यास ही अडचण येत नाही.

वीज आणि उन्हाळा

वऱ्हाडातील रेकॉर्डिंग संगणकाचा खरा शत्रू वेगाचा अभाव नसून वीज आणि ऊन हा आहे. ८० वॉट घेणारा जुना संगणक चोवीस तास चालला तर दिवसाला १.९२ युनिट आणि महिन्याला सुमारे ५८ युनिट वीज घेतो. १२ वॉटचा छोटा संगणक तेवढ्याच वेळात नऊ युनिटांच्या आत राहतो. पण जुन्या संगणकालाही उपाय आहे. ठरलेल्या वेळी आपोआप जागे होण्याची सोय बहुतेक मदरबोर्डांत असते. रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटे आधी उठणे आणि काम संपताच झोपणे त्याला शिकवले, तर रोजच्या पाच तासांसाठी महिन्याला १२ युनिट लागतात. नवा संगणक घेण्यापूर्वी हा हिशेब जरूर करावा.

यूपीएस अपरिहार्य आहे. तो यूएसबीने संगणकास जोडलेला असावा, म्हणजे बॅटरी संपत आली की संगणक स्वतः नीट बंद होतो. वीज परत येताच संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी नोंद त्याच्या बायोसमध्ये करून ठेवावी. नाहीतर शनिवारी दुपारी गेलेल्या विजेमुळे सोमवारपर्यंतचे सारे पाठ बुडतात. ट्यूनरच्या केबलला भू-जोडणी द्यावी आणि वादळाची चिन्हे दिसताच, वीज कडाडू लागण्यापूर्वीच, छत्रीची केबल काढून ठेवावी.

आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत, बंद कपाटात ठेवलेली डिस्क त्या दिवसांत फार टिकत नाही. उत्तरेकडील भिंतीची, हवा खेळती असलेली जागा निवडावी आणि कापसाच्या हंगामात पंख्याच्या जाळीवर बसणारी धूळ व तंतू दर महिन्यास ब्रशने झाडावेत.

सॉफ्टवेअर : जे आपल्या हाती राहील ते

टीव्ही पाहणाऱ्याच्या सोयीने कार्यक्रम साठवणारी टायवो आणि रिप्लेटीव्ही ही यंत्रे अमेरिकेत १९९९ मध्ये आली. लगेचच हौशी अभियंत्यांनी तेच काम साध्या संगणकावर करणारी मुक्त सॉफ्टवेअरे लिहिली: जर्मनीत २००० च्या सुमारास ‘व्हीडीआर’, अमेरिकेत २००२ मध्ये ‘मिथटीव्ही’ आणि पुढे ‘टीव्हीहेडएंड’. याच काळात मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया सेंटर’ही लोकप्रिय होते. ते वापरायला सोपे होते. परंतु २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा कंपनीने ते काढून टाकले आणि त्यावर विसंबलेल्यांना दुसरा मार्ग शोधावा लागला. शाळेसारख्या, दशकांच्या हिशेबाने चालणाऱ्या संस्थेने यातून धडा घ्यावा. ज्या सॉफ्टवेअरची फाइल इतर कोणत्याही संगणकावर उघडते आणि ज्याचे अस्तित्व एका कंपनीच्या मर्जीवर नाही, तेच निवडावे.

उपलब्ध पर्यायांपैकी मिथटीव्ही सर्वांगपरिपूर्ण आहे. पण त्यामागे डेटाबेस असतो आणि त्याची देखभाल करणारा जाणकार लागतो. व्हीडीआर हलके आहे. त्याची मांडणी मात्र साध्या मजकुराच्या फाइलींत करावी लागते. नेक्स्टपीव्हीआर विंडोजवरही चालते आणि फुकट आहे, पण मुक्त नाही. लिनक्सवरील टीव्हीहेडएंड आम्हास शाळेसाठी सर्वांत योग्य वाटते. ते जुन्या संगणकावर चालते, त्याचा कारभार दुसऱ्या कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमधून पाहता येतो आणि ते आलेला प्रवाह जसाच्या तसा साठवते. वर्गातील पडद्यावर पाहण्यासाठी ‘कोडी’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्यास जोडता येते. शाळेच्या अंतर्गत केबलजाळ्यातून एकाच वेळी चार-पाच वर्गांना वेगवेगळे पाठ देता येतात; सेकंदाला १०० मेगाबिटच्या जुन्या जाळ्यातही ३ मेगाबिटचे असे प्रवाह सहज मावतात.

येथे दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, ट्यूनर कार्ड घेण्यापूर्वी त्याचा लिनक्सवरील ड्रायव्हर उपलब्ध आहे याची खात्री करावी. काही कार्डांचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि प्रणाली अद्ययावत होताच तो निकामी होतो; म्हणून सर्व सुरळीत चालू लागल्यावर आपोआप होणारी अद्ययावती बंद ठेवावी. दुसरी, उपग्रहावरून येणारी कार्यक्रम-मार्गदर्शिका अपुरी असेल तर तिच्यावर न विसंबता वार व वेळ घालून रेकॉर्डिंग लावावे आणि पाठाच्या आधी-नंतर पाच-पाच मिनिटे जादा ठेवावीत.

कायद्याची मर्यादा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच, सोनीच्या बीटामॅक्स यंत्राच्या खटल्यात, प्रेक्षकाने सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी केलेले रेकॉर्डिंग वैध ठरवले. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ३९ मध्ये, स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन व संशोधनासाठी केलेले रेकॉर्डिंग हे प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग मानले जात नाही. ही मुभा जेवढ्यासाठी आहे तेवढीच वापरावी. पाठांच्या प्रती विकणे, गावात वाटणे किंवा इंटरनेटवर चढवणे तीत बसत नाही. वर्गासाठी साठवलेला पाठ वर्गातच राहिला पाहिजे.

यंत्रामागील माणूस

एवढे सारे जुळले तरी एक गोष्ट उरते. संगणकात ‘रेकॉर्डिंग ००४७’ अशा नावाच्या तीनशे फाइली साठल्या तर त्या असून नसल्यासारख्या होत. प्रत्येक पाठास इयत्ता, विषय, घटक आणि दिनांक या क्रमाने नाव द्यावे आणि त्याची नोंद एका साध्या वहीत करावी. हे काम वरच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांकडे, शिक्षकांच्या देखरेखीखाली, पाळीने सोपवता येईल. त्याच वहीच्या पहिल्या पानांवर छत्रीची दिशा, ट्रान्सपॉन्डरची यादी, कार्डाचे नाव आणि सॉफ्टवेअरची मांडणी लिहून ठेवावी. यंत्र जुळवणारा तरुण नोकरीसाठी पुण्याला जाईल. वही शाळेत राहील.

माजी विद्यार्थी आणि पालक बंधु-भगिनींनी या कामी हातभार लावायचा ठरवल्यास आमची विनंती अशी आहे: नवा संगणक घेण्याची घाई करू नये. कार्यालयातून निघणारा एखादा सुस्थितीतील संगणक, दोन ट्यूनरचे कार्ड, दोन तोंडांचा एलएनबी, २ टेराबाइटच्या दोन डिस्का आणि एक यूपीएस एवढे साहित्य पाच-सहा जणांनी वाटून घेतले तर एकावर भार पडत नाही. ज्यांना पैशाने शक्य नाही त्यांनी दिवाळीच्या सुटीत एक दिवस येऊन छत्री बसवून द्यावी, किंवा वसतिगृहातील मुलांना ही वही कशी लिहायची ते शिकवावे.

जून महिन्यात नवे वर्ग भरतात. छत्री पावसाळ्यापूर्वी बसली आणि उन्हाळी सुटीत चाचणी पूर्ण झाली, तर पहिल्या घंटेच्या दिवसापासून रेकॉर्डिंग सुरू करता येईल. सहावीतल्या मुलीला अपूर्णांकांचा पाठ पहिल्यांदा कळला नाही, तर त्या संध्याकाळी अभ्यासिकेत तो तिला पुन्हा पाहता येईल.